स्वतःच्या हाताचा घास

वाचकहो, कोपर नावाचा अवयव आपल्या ध्यानात केव्हा येतो? माझ्या आला तो आईच्या ताटाशी बसलो असताना. वयाच्या ७८ व्या वर्षी न्हाणीघरात घसरून तिचे उजवे कोपर मोडले होते. तीन आठवड्यांनी प्लास्टर निघाले. पण उचललेला घास ओठांच्या वीतभर अलीकडेच थांबू लागला. मान पुढे काढून ती तो गाठू पाही आणि मग मुकाट्याने हात ताटात ठेवी.

कोपरात दंडाचे एक आणि पुढच्या हाताची दोन, अशी तीन हाडे भेटतात. करंगळीच्या बाजूचे अल्ना हे हाड दंडाच्या हाडाला पकडीसारखे धरून बसते. त्यामुळे हात दाराच्या बिजागरीसारखा मिटतो आणि उघडतो. अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस या हाडाचे वाटोळे डोके मात्र जागच्या जागी फिरते. म्हणूनच तीर्थ घेताना तळहात वर करता येतो, आणि किल्ली फिरवता येते. निरोगी कोपर सरळ स्थितीपासून सुमारे १४५ अंशांपर्यंत वाकते. नित्याची बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या दरम्यान होतात. आईचे कोपर ९० अंशांच्या पुढे जात नव्हते. ही उणीव खांदा किंवा मनगट भरून काढू शकत नाही.

हे सारे मला नंतर कळले. त्याआधी मी कोमट तेल घेऊन ते कोपर जोराने चोळले, ओढून वाकवलेही. आई कण्हत राहिली. दुसऱ्या दिवशी सूज वाढली. डॉक्टरांनी मला स्पष्ट शब्दांत थांबवले. दुखापत झालेल्या कोपराला जोराचे मालिश केल्यास किंवा हिसके दिल्यास भोवतालच्या स्नायूंत हाड तयार होऊ शकते, आणि मग सांधा अधिकच जखडतो. आमच्या सुदैवाने तसे झाले नाही.

पुढचा मार्ग संथ होता. कोपर उशीवर टेकवून आईने स्वतःच हात वाकवायचा, सोसवेल तेथे थांबायचे, सावकाश सरळ करायचा. मग तळहात वर, तळहात खाली. एका बैठकीत थोडेच, पण दिवसातून अनेकदा. जेवताना लांब दांड्याचा चमचा आला. माझ्या वाट्याला आलेला व्यायाम अवघड होता: तिच्या हातातला घास थरथरत असताना आपला हात पुढे न करणे.

तुम्ही कोणाची शुश्रूषा करीत असाल, तर ही एक गोष्ट जपा. भरवण्याने वेळ वाचतो, पण सांध्याची हालचाल राहून जाते. आणि माणसाचा स्वाभिमानही दुखावतो. मात्र सूज वा वेदना वाढत असेल, किंवा करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवा. या दोन बोटांची मज्जा कोपराच्या आतल्या कडेने, अगदी त्वचेखालून जाते.

आईचे कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. पण तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तिने चमचा बाजूला ठेवला, वरणभात कालवला आणि घास तोंडात घातला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मीठ कमी आहे.”