पाड्यावर येणारे गुरुजी

पूर्वीचे गुरुजी मारायचे. पाढा चुकला की हातावर निरगुडीचा फोक बसायचाच. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणत मी काही बसलेलो नाही. पण किलवणीच्या पाड्यांवर शाळा रुजली ती त्या माणसांच्या पायपिटीमुळे, हे मान्य करायलाच हवं.

आमच्या दादरा-नगर हवेलीतून पोर्तुगीज गेले ते १९५४च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतरही कितीतरी घरांत पाटी पहिल्यांदा आली ती आमच्या पिढीत. गुरुजी घाटावरचे. आमची वारली बोली त्यांना उमगेना आणि त्यांची पुस्तकातली मराठी आम्हाला. पहिले काही महिने शाळेत खरं शिकले ते गुरुजीच!

आवणी सुरू झाली की वर्ग ओस पडायचा. मग पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्यावर इरलं घेऊन गुरुजी बांधावर हजर. “तुझ्याकडं रोपांच्या मुठी किती? आयशीकडं किती? मग दोघांच्या मिळून सांग.” बेरीज चिखलात उभ्यानेच व्हायची. पोरगं चुकलं की आधी बाप हसायचा, मग स्वतःच बोटं मोजायला लागायचा. कुणाच्या घरी ताप आहे, कुणाचा बैल मेला, हे गुरुजींना हजेरी घेण्याआधीच ठाऊक असे.

ही रीत काही त्यांनी शोधली नव्हती. हद्दीपलीकडे डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हेच करत होत्या. १९४५मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्यांसाठी तर थेट कुरणात. शिकवायला साहित्य काय, तर गोटे, पानं, बिया, शिंपले. आज देशभर सरकारी योजनेत ‘अंगणवाडी’ म्हणून जे चालतं, त्याचं मूळ या अंगणांत आहे.

आता चित्र पालटलं. करसवलतींमुळे सेलवासभोवती कारखाने उभे राहिले आणि बांधावर भेटणारे आईबाप पाळीवर जाऊ लागले. शाळेत दुपारचं जेवण आलं, फोनवर ‘दीक्षा’ हे शिकवणीचं सरकारी ॲप आलं. त्यातला बेरजेचा व्हिडिओ दहा वेळा लावा, चिडत नाही. आमच्या गुरुजींना हे कधी जमलं नसतं! पण मूल चार दिवस आलं नाही, तर फोनला दिसते ती फक्त गैरहजेरी. बैल मेल्याचं त्याला कोण सांगणार? आणि शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण शाळा सुटली की दुचाकीवरून सेलवासला परततात. दोष तरी कसा द्यावा? त्यांचीही घरं आहेत, वर माहिती भरायची ती निराळीच.

आमच्या शेजारच्या पाड्यावरची एक पोरगी आता शिक्षिका आहे. तिला बोली शिकावी लागली नाही. आईबाप भेटत नाहीत म्हणून ती त्यांना फोनवर वारलीतच बोलून निरोप पाठवते: आज तुमच्या पोरीनं अख्खा धडा वाचला, घरी एकदा वाचून घ्या. ज्यांना अक्षर येत नाही तेही ऐकतात, आणि उलट बोलतात, मागे यंत्रांची घरघर चालू असतानाच. तिची तक्रार एकच. रात्रपाळीवाल्यांची उत्तरं दोनच्या सुमाराला येतात आणि फोन बंद करून झोपायला तिचं मन धजत नाही.