काठाकाठानं

फोर-बाय-फोर गाडी घेऊन वर्ष झालं होतं आणि फोर-हायचा दांडा मी फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओढून बघितला होता. मे महिन्यातल्या एका रविवारी मेहुण्याला शेजारी बसवलं आणि पवना धरणाच्या काठची कच्ची वाट धरली. नवशिक्याने हात बसवावा अशीच ती वाट. बैलगाडीची चाकोरी, मधूनमधून दगड, दोन कोरडे ओढे. एकीकडे तिकोना, पलीकडे तुंग. तासाभरात संपली. कुठेच अडलो नाही, तिथेच घोळ झाला. मला वाटलं, आपल्याला येतं.

पिंपरी-चिंचवडची तहान भागवून उन्हाळ्यात धरणाचं पाणी पार आत गेलेलं असतं. उघडी पडलेली माती पापडासारखी तडकली होती. "दाजी, उतरून बघू का जरा?" मेहुण्याने विचारलं. "अरे, खणखणीत कोरडी आहे," म्हणत मी चाकोरी सोडली.

चाळीसेक पावलांवर पापड फुटला. खाली लोण्यासारखा काळा गाळ. तेव्हाच पाय काढून घेतला असता तरी निभावलं असतं. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, चारी बाजूंना खड्डे खणले गेले आणि गाडीचं पोट टेकलं. मग मला फोर-लो आठवला! पोट टेकल्यावर चाकांवर भारच राहत नाही, तिथे फोर-लो काय करणार? टायरमध्ये हवा हायवेची, 32 पीएसआय. ती 20 वर आणली की टायर पसरतो आणि मऊ जमिनीवर तगतो, हे व्हिडिओ बघून मला तोंडपाठ होतं. सोबत दुसरी गाडी नाही, दोर नाही, फावडंही नाही. डब्याच्या झाकणाने आम्ही अर्धा तास चिखल उपसला.

शेवटी मेहुणा वाडीतून ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टरवाल्या बाबांनी तो लांब, चाकोरीवरच उभा केला. "साहेब, हितं म्हशीबी काठाकाठानं जात्यात," म्हणाले. खरंच, खुरांच्या खुणा काठाने वळून गेल्या होत्या. मला दिसल्याच नव्हत्या.

दोर मी पुढच्या बंपरला बांधायला निघालो होतो. "ते हातात यील," म्हणत ते चिखलात आडवे झाले आणि मागच्या बाजूला चेसिसचा हुक शोधून काढला. ज्या वाटेने आलात तिनेच मागे, असा त्यांचा हिशेब. काडीने व्हॉल्व्ह दाबून चारी चाकांतली हवाही त्यांनीच कमी केली. गाडी सुटली. पैसे घेतले ते फक्त डिझेलचे.

हवा भरायचा पंप आणायचाही मी विसरलोच होतो. बसक्या टायरांवर रखडत कामशेतपर्यंत आलो. हवेच्या दुकानातल्या पोराने गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "चारी एकदम पंक्चर?"

"थोडी कमी वाटली," मी म्हटलं. पण मेहुण्याने तोवर खिडकी खाली केली होती, आणि त्याने अगदी झाकणापासून सुरुवात केली.