पंगतीतील शेवटचे पान

एखादी संगणक-प्रणाली चालते असे म्हणणे वेगळे आणि ती गर्दीत चालते असे म्हणणे वेगळे. इंदूरच्या एका धर्मादाय रुग्णालयासाठी बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदणीची आज्ञावली लिहिण्याचे काम आम्हा चार-पाच जणांकडे आले, तेव्हापासून या दोन विधानांमधील अंतर हा आमच्या नित्य चिंतनाचा विषय झाला आहे. सकाळी आठला नोंदणी खुली होते. त्या घटकेला देवास, सांवेर, महू इकडली माणसे मोबाइल हाती धरून बसलेली असतात. क्रमांक मिळाला तर बस गाठायची. न मिळाला तर दुखणे आणखी एक दिवस अंगावर काढायचे.

गर्दीची परीक्षा वेळेवर न घेतल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथील सरकारचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ खुले झाले आणि पहिल्याच दिवशी लोकांच्या रेट्याखाली कोलमडले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरकारी बैठकीच्या टिपणात तोवर पूर्ण झालेल्या नोंदण्यांची संख्या होती अवघी ६. संपूर्ण प्रणालीची एकत्रित तपासणी उद्घाटनाआधीच्या केवळ शेवटच्या दोन आठवड्यांत झाली, हे पुढे कंत्राटदारांनीच तेथील काँग्रेसपुढे सांगितले.

वस्तुतः रांगांचे गणित जुने आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की, येण्याचा वेग आणि थांबण्याचा काळ यांचा गुणाकार म्हणजे आत असलेल्यांची सरासरी संख्या. दर सेकंदाला ४० जण आले आणि प्रत्येकाचे काम अर्ध्या सेकंदात उरकले, तर एका वेळी आत २० जण. काम पाच सेकंदांवर गेले की तेच २०० होतात. माहितीसाठ्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र मोजक्याच. मग लोक खोळंबतात, वैतागून पुन्हा बटन दाबतात, आणि गर्दीच नव्या गर्दीला जन्म देते.

येथे सरासरी फार फसवी ठरते. शंभरांपैकी ९५ जणांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळाले आणि पाच जणांना दहा सेकंद लागले, तरी सरासरी एका सेकंदाहून कमीच भरते. कागदावर सारे उत्तम! पण आपल्या घरच्या पंगती आठवाव्यात. जाणता यजमान सरासरी किती वाढले गेले याचा हिशेब करीत नाही. तो शेवटच्या पानाशी जाऊन उभा राहतो. म्हणून आम्ही अट घातली : शंभरांपैकी ९९ जणांना दोन सेकंदांच्या आत उत्तर मिळाले पाहिजे, आणि उरलेल्या एकालाही प्रणालीने परत धाडता कामा नये.

ही अट पाळली जाते की नाही, हे आता यंत्रच पाहते. रोज रात्री दोन वाजता, खऱ्या प्रणालीपासून अलग ठेवलेल्या प्रतिकृतीवर, जेमीटर नावाचे विनामूल्य साधन खोटे रुग्ण सोडते. त्यांची नावे कल्पित. नोंदींची संख्या मात्र खऱ्या साठ्याइतकीच. एसएमएसचा दुवाही नकली, उगाच कोणाची झोपमोड नको! हे रुग्ण माणसांसारखे वागावे लागतात : मध्येच थांबणारे, सावकाश टंकणारे. आधीच्याला उत्तर मिळेपर्यंत पुढचा आलाच नाही, तर संथ सर्व्हरला आयती सवलत मिळते. खरी माणसे अशी सवलत देत नाहीत. घड्याळात आठ वाजले की ती येतातच.

विश्वस्त मंडळातील एका वडीलधाऱ्यांनी आम्हाला विचारले, "अहो, एकदा तपासलंत ना? मग रोज रात्री हा खटाटोप कशाला?" आम्ही म्हणालो, "अण्णा, घर बांधून झालं की भिंती हलत नाहीत. इथे दर आठवड्याला एखादी भिंत सरकते."

त्याचा प्रत्यय लवकरच आला. रुग्णाच्या मागील भेटी दाखवणारी नवी सोय जोडायची होती. एकट्याने पाहता ती क्षणात उघडे. रात्रीच्या चाचणीत मात्र तिने सारी रांग वेठीस धरली. कारण लहानसे होते. त्या भेटींना रुग्ण-क्रमांकानुसार सूची नसल्याने प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी चाळल्या जात होत्या. सूची जोडली, पुढच्या रात्री चाचणी उत्तीर्ण झाली, आणि मगच ती सोय रुग्णांपुढे गेली. सांवेरच्या एखाद्या म्हातारीला यातले काहीही कळले नाही. तिला कळू नये, हेच या कामाचे फळ.

दोन सेकंदांची मर्यादा मात्र यंत्राने ठरविलेली नाही. दुसऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवणे शोभते, हा प्रश्न माणसांनीच एकत्र बसून सोडवायचा असतो. यंत्र एवढेच करते की, दिलेला शब्द आम्हाला विसरू देत नाही.