आडनावाचा पत्ता

डोंबिवलीतील एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यापाशी, टपालपेट्यांच्या वर, रहिवाशांच्या नावांचा फलक असतो. खोलीचा क्रमांक आणि त्यापुढे आडनाव, एवढाच त्याचा मजकूर. पाहुणा त्यात आपल्याला हवे असलेले एक नाव शोधतो आणि जिना चढू लागतो. फलक संपूर्ण वाचण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वाचला तर मात्र तो एका प्रदेशाच्या स्थलांतराचा संक्षिप्त उतारा ठरतो. चिपळूणकर, पेडणेकर, पेणकर, सातारकर ही नावे मजल्यांच्या क्रमाने एकाखाली एक येतात. नकाशावर परस्परांपासून शेकडो मैल दूर असलेली गावे येथे एका भिंतीच्या आडोशाने राहतात. त्यांच्या मधूनच देशपांडे, कुलकर्णी, पोतदार असे हुद्दे येतात, ज्यांचे दप्तर केव्हाच बंद झाले आहे. आणि लोहमार्ग येण्यापूर्वीपासून येथे असलेल्या गावठाणांत म्हात्रे, भोईर, केणी, मढवी ही घराणी नांदत असतात. त्यांच्या आडनावांत बहुधा गावाचे नाव नसते. ते असण्याचे कारणच नव्हते. ती माणसे कोठे गेली नव्हती.

'कर' या प्रत्ययाचे व्याकरण सर्वांना ठाऊक आहे. त्याची समाजशास्त्रीय खूण मात्र सहज निसटते. हा प्रत्यय निवासाचा मानला जातो, पण आडनावात तो बहुधा वियोगाचा असतो. पेणमध्ये सगळेच पेणचे; तेथे कोणाला पेणकर म्हणून वेगळे ओळखण्याचे प्रयोजन काय? पेण सोडून माणूस दुसरीकडे गेला म्हणजे तेथील लोक त्याला त्या नावाने हाक मारतात. गाव सुटते तेव्हा ते नावाला चिकटते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली आणि पुढच्या शतकभरात याच मार्गाच्या कडेने सुटलेल्या गावांची एक दीर्घ वसाहत उभी राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत सुमारे साडेबारा लाख आणि ठाण्याच्या हद्दीत सुमारे साडेअठरा लाख माणसे होती. त्यांपैकी कितीजणांची आडनावे त्यांच्या खऱ्या पत्त्याशी जुळत असतील?

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, विशेषनाम वस्तूचा केवळ निर्देश करते. त्याला गुणवाचक आशय नसतो. मराठी वाचकाला हे मत पटणे कठीण आहे. कथेच्या पहिल्या परिच्छेदात पात्राचे आडनाव आले की प्रदेश, जात, पोटजात, घरातली बोली, एवढेच नव्हे तर स्वयंपाकघरातला वाससुद्धा तो गृहीत धरून मोकळा होतो. 'कोसला'च्या (१९६३) नायकाचे आडनाव सांगवीकर आहे, ही बाब समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. सांगवीचा पांडुरंग पुण्याला जातो आणि सारा काळ आपले गाव नावात वागवत राहतो. तो परततो तेव्हा ज्या गावाने त्याला हे नाव पुरवले तेथे त्या नावाची ओळख म्हणून गरज उरलेली नसते. कादंबरीतील परकेपणाची एक बाजू आडनावाच्या या घडणीतच आहे.

आडनावात मूळ साठवलेले असते, हा समज तपासून पाहण्यासाठी ठाकरे या आडनावाइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १८८५ साली पनवेलला झाला. शिक्षणाचा काही काळ त्यांनी कल्याणला काढला. 'माझी जीवनगाथा' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या घराण्याची हकिगत दिली आहे. एक पूर्वज नाशिककडील धोडप किल्ल्याचे किल्लेदार होते, म्हणून घराणे धोडपकर झाले. आजोबांनी पनवेलला बिऱ्हाड केले आणि वडील पनवेलकर म्हणवू लागले. मुलाला शाळेत घालताना मात्र वडिलांनी धोडपकरही नाही, पनवेलकरही नाही, तर त्याआधीचे म्हणून सांगितले जाणारे ठाकरे हे नाव नोंदवले. दोन पिढ्यांच्या अवधीत एका घराण्याने किल्ल्याचे नाव, गावाचे नाव आणि कुळाचे नाव असा प्रवास केला. तोही उलट दिशेने. सर्वांत नवे नाव सर्वांत जुने म्हणून धारण केले गेले.

प्रवास येथे थांबला नाही. केशवरावांना विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराविषयी आदर होता आणि त्यावरून त्यांनी रोमन लिपीत आपले नाव त्याच्यासारखे लिहायला घेतले, असे सांगितले जाते. १९२१ साली त्यांनी 'प्रबोधन' सुरू केले आणि ते प्रबोधनकार झाले. येथे एक सूक्ष्म फरक आहे. 'कर' म्हणजे तेथला. 'कार' म्हणजे करणारा. एकात गाव माणसाला नाव देते, दुसऱ्यात माणूस आपल्या कृतीतून नाव मिळवतो. रोमन लिपीत हा भेद पुसला जातो आणि प्रबोधन हे कोकणातले एखादे गाव असावे, अशी समजूत परक्या वाचकाची होऊ शकते.

ज्या नावाचे लेखन उसने घेतले त्या इंग्रजी नावाचे मूळ तरी कितपत स्थिर आहे? थॅकरे हे यॉर्कशरमधील आडनाव आहे. थॅक्रे, थॅक्रा अशी त्याची अनेक रूपे त्या परगण्यात आढळतात, आणि कादंबरीकाराचे घराणेही तेथल्याच हॅम्प्सथ्वेट गावचे. शब्दाची घडण इंग्रजीसुद्धा नाही; ती उत्तरेकडून आलेल्या नॉर्स वसाहतकारांच्या भाषेतील आहे. छप्पर शाकारण्याचे बोरू आणि त्यांचा कोपरा, असा त्याचा अर्थ. म्हणजे हेही गावावरून पडलेले नाव, इंग्रजांचे एक 'कर' आडनाव. ज्या ठिकाणावरून ते आले ती जागा आज फ्यूस्टनच्या जलाशयाखाली आहे; एकोणिसाव्या शतकात लीड्स शहराच्या पाण्यासाठी तो बांधला गेला. भातसा आणि बारवीच्या पाण्याखाली गेलेली गावठाणे ज्यांना आठवतात त्या ठाणे जिल्ह्यातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. नाव उरते, पत्ता बुडतो.

शिवाय हे नाव मराठी मुलखाच्या वेशीवर आधीच येऊन गेले होते. कादंबरीकाराचा जन्म १८११ सालचा, कलकत्त्याचा. वडील आणि आजोबा कंपनी सरकारचे नोकर. त्याचे एक चुलते सेंट जॉन थॅकरे धारवाडचे कलेक्टर होते आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चेन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत कित्तूरला मारले गेले. आज बेळगाव जिल्ह्यात असलेल्या या ठिकाणी जे नाव वसाहतीच्या सत्तेचे म्हणून पडले, तेच लेखन पुढे पनवेलच्या एका बंडखोर लेखकाने वाङ्मयप्रेमापोटी उचलले. एकाच अक्षरमालिकेला हे दोन इतिहास आहेत. एकाने दुसरा रद्द होत नाही.

देवनागरीत मात्र गोंधळाला जागा नाही. कादंबरीकार थॅकरे, प्रबोधनकार ठाकरे. दंत्य आणि मूर्धन्य यांतले अंतर मराठी कानाला इंग्लंड आणि पनवेल यांतल्या अंतराइतकेच स्पष्ट ऐकू येते. इंग्रजीला ते ऐकू येत नाही. खुद्द ठाणे या शहराचे रोमन लेखन शेक्सपिअरच्या मॅकबेथला मिळालेल्या सरदारकीच्या पदवीसारखेच आहे, आणि नवखा इंग्रजी वाचक स्थानकावरच्या पाटीवर तोच उच्चार करतो. या साम्यातून कोणी ठाण्याचे मूळ स्कॉटलंडात शोधणार नाही. शिलाहारांच्या काळापासून हे 'स्थानक' आहे. डोंबिवली-कल्याणच्या मधल्या ठाकुर्लीच्या नावातही ठाकूर ऐकू येतो. पण ऐकू येणे म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. उलट, देवनागरीत एकच असलेले ठाकरे रोमन लिपीत दोन होते. विदर्भातील कुणबी घराण्यांतील ठाकरे वेगळ्या वर्णांनी लिहिले जातात, पनवेलचे ठाकरे वेगळ्या. मराठीत जी दोन कुळे आडनावाने एक आहेत त्यांना इंग्रजी लेखन विलग करते, आणि मराठीत जी दोन नावे भिन्न आहेत त्यांना तेच लेखन एकत्र आणते.

प्रबोधनकारांच्या चिरंजिवांनी १९ जून १९६६ रोजी भूमिपुत्रांच्या हक्कासाठी संघटना स्थापन केली आणि १९६७ साली तिला पहिली नागरी सत्ता मिळाली ती ठाण्यात. या योगायोगावर विनोद करणे सोपे आहे आणि तो अनेकदा झालाही आहे. परंतु विनोदातून हाती काही लागत नाही. विसंगती त्या एका घराण्याची नाही. मुळाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक नावाच्या पोटात स्थलांतर, उसनवारी आणि निवड असतेच. येथे ती केवळ लेखी पुराव्यासह दिसते.

निवड हा शब्द येथे जपून वापरायला हवा, कारण ती सर्वांना सारखी मिळत नाही. शाळेचा दाखला ही आधुनिक महाराष्ट्रात नाव घडवणारी जागा. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेतील नोंद भिवा रामजी आंबेडकर. आंबडवेकरचे आंबेडकर एका शिक्षकामुळे झाले, अशी हकिगत सांगितली जाते. गावाचे ते रूप त्या गावाबाहेर जाऊन एका समूहाच्या आत्मसन्मानाचे नाव झाले. गोऱ्हे घराणे फुलांच्या व्यवसायामुळे फुले झाले. डोंबिवलीच्या नाट्यगृहावर आज तेच नाव आहे. स्त्रियांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न बराच काळ विचारलाच गेला नाही. बाळूताई खरे विवाहानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या, ते रूढीने. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'वर विभावरी शिरूरकर हे नाव आले, ते त्यांच्या इच्छेने. एका आडनावात वडील, दुसऱ्यात पती. स्वतः निवडलेल्या तिसऱ्यात मात्र एक गाव आहे. जिन्यापाशीच्या फलकावर न दिसणारी निम्मी स्थलांतरे स्त्रियांची आहेत.

देशीयतेच्या चर्चेत 'मूळ' या रूपकाला आपण फार मोठे स्थान दिले आहे. आडनावांचा इतिहास त्या रूपकाला थोडा आवर घालतो. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ सालचे. त्याच्या परिसरातील बेने इस्राएल समाजाने आपली आडनावे किहीम, दिवे, चौल अशा कुलाब्याच्या गावांवरून घेतली. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल आडनावाने केहिमकर होते. परंपरेने ज्यांच्या स्मृतीत जेरुसलेम आहे त्यांच्या नावात किहीम आहे. मूळ म्हणजे आरंभ नव्हे. कोणत्या मुक्कामापासून मोजायचे हे ठरवणे, म्हणजे मूळ. धोडपच्या आधी ठाकरे होते हे स्मरणात राहिले, म्हणून ते मूळ ठरले. त्याच्याही आधी काही असणारच.

हे ठरवण्याची मोकळीक आता आकसली आहे. सीताराम पनवेलकरांना मुलाचे आडनाव बदलण्यासाठी शाळेच्या दारात उच्चारलेला एक शब्द पुरला. आज राजपत्रातील जाहिरात, प्रतिज्ञापत्र आणि अर्धा डझन ओळखपत्रे लागतात. आडनाव ही एकेकाळी चालू असलेली क्रिया होती. नोंदवहीने तिचे नाम केले. परिणामी, ज्याचे गाव चार पिढ्यांपूर्वी सुटले तोही त्या गावाच्या नावाने ओळखला जातो, आणि ज्याला आपल्या आडनावातून जात वाचली जाऊ नये असे वाटते त्याला भाड्याची खोली पाहायला गेल्यावर दारातच प्रश्न येतो: आडनाव काय? उत्तर मिळाले की दुसरा: मूळचे कुठले? विचारणाऱ्याला गावाविषयी कुतूहल असतेच असे नाही.

लाखो माणसांनी आपापले गाव सोडून हे शहर वसवले. त्यांची मुले आता येथून पुण्याला, बंगळूरला, समुद्रापार जातात. जुन्या रीतीप्रमाणे तेथे त्यांना डोंबिवलीकर हे आडनाव पडायला हवे होते. ते पडत नाही. डोंबिवलीकर हा शब्द गर्दीच्या गाडीत, सभेत, वर्तमानपत्रात सर्वांना उद्देशून वापरला जातो. फलकावर तो कोणाच्याच खोलीपुढे नसतो. जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत आणि त्यांच्याबरोबर ते फलकही उतरवले जात आहेत. त्यांवर ज्या गावांची नावे होती तेथे त्या कुटुंबांचे कोणी उरलेले नाही, आणि ज्या गावात ती सारी राहिली, वाढली, म्हातारी झाली, त्या गावाचे नाव त्यांच्यापैकी एकाच्याही नावात नाही.