बटण आणि गुडघा

बटण दाबले की काहीतरी घडलेच पाहिजे, ही आपल्या पिढीची एक ठाम श्रद्धा आहे. दिवा लागतो, लिफ्ट येते, शेजाऱ्यांच्या दारावरची चिमणी चिवचिवाट करते. आमच्या मोटारसायकलीने मात्र गेल्या पावसाळ्यात या श्रद्धेला सुरुंग लावला. बटण दाबले की आतून ‘घुर्रर्र’ असा आवाज येई. आवाजात दम होता, आश्वासन होते. इंजिन मात्र ढिम्म! निवडणुकीच्या भाषणाखेरीज इतका आवाज आणि इतकी कमी हालचाल मी एकत्र कधी पाहिली नव्हती.

“मग किक मारा की!” हा सल्ला सोसायटीतल्या अकरा जणांनी दिला. त्यांतल्या नऊ जणांकडे मोटारी आहेत.

किकचे मला कौतुक नाही असे नाही. आमच्या तरुणपणी मोटारसायकल म्हणजेच किक. जुन्या बुलेटला आधी डीकॉम्प्रेसरची दांडी दाबायची, ॲम्पियरचा काटा मध्यावर आणायचा, कुलदैवताचे नाव घ्यायचे आणि मग पाय मारायचा. विधीत काही राहून गेले तर ती किक उलटी फिरून पोटरीवर प्रसाद देई. जावा आणि येझदीची तऱ्हा आणखी न्यारी. किकची दांडी फिरवून खाली घेतली की तीच गिअरची दांडी! एकाच दांडीवर दोन खाती सांभाळण्याची ही काटकसर एखाद्या कोकणस्थालाच सुचावी. पण ती सुचली चेकोस्लोव्हाकियात. मोटारवाल्यांचे हाल तर १९१२ सालीच संपले होते. त्या वर्षी कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारून हात मोडून घेणे बंद झाले. आमच्या पायांची सुटका व्हायला फार उशीर लागला.

तर, किक आहे. पण ती मारणारा उजवा गुडघा आता पूर्वीचा राहिलेला नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून “झीज आहे” असे सांगितले. जिने कमी, मांडी घालणे बंद, किक वर्ज्य. सौभाग्यवतींनी लगेच निष्कर्ष काढला, “विकून टाका.” गाडी, गुडघा नव्हे. गाडी २००३ सालची. पंधरा वर्षे भरल्यावर २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली तिची नोंदणी मी नव्याने करून आणली आहे. मुलीला पहिलीपासून बारावीपर्यंत तिनेच पोचवले. अशी गाडी केवळ घुर्रर्र करते म्हणून विकायची? त्या न्यायाने झोपेत घोरणाऱ्या माणसांचे काय करायचे? (हा प्रश्न मी घरात विचारला नाही.)

मिस्त्रींनी एकदाच बटण दाबले, मान तिरकी करून ऐकले आणि निदान केले, “सेल्फ फिरतोय साहेब, इंजिनला धरत नाही. वन-वे गेला.”

हा वन-वे, म्हणजे स्टार्टर क्लच, ही चीज मोठी गमतीची आहे. सायकलच्या फ्रीव्हीलचा हा चुलतभाऊ. पाचराच्या आकाराच्या तीन खाचा, प्रत्येकीत वेलदोड्याएवढा एक पोलादी रोलर आणि त्याला मागून ढोसणारी एक इवलीशी स्प्रिंग. स्टार्टर फिरला की रोलर निमुळत्या बाजूला सरकून घट्ट रुततात आणि इंजिनला फिरवतात. इंजिन स्वतःच्या बळावर पळू लागले की तेच रोलर सैल होऊन अंग काढून घेतात. थोडक्यात, लग्न जमवणारा मध्यस्थ! दोन्हीकडच्यांना गाठ घालून द्यायची आणि संसार सुरू झाला की बाजूला व्हायचे. पण मध्यस्थ झिजला, की नुसता बोलतो. घुर्रर्र!

मिस्त्रींनी आधी ऑइल काढले, मग डाव्या बाजूचे झाकण. आत मॅग्नेट. ते निमुळत्या दांड्यावर असे बसलेले असते, की जन्मभर चिकटून राहिलेल्या भाडेकरूने आदर्श घ्यावा. मी हातोडीकडे पाहिले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. “हातोडी मारली तर मॅग्नेट फुटेल. याला पुलरच पाहिजे.” पुलर लावून बोल्ट आवळत नेला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि मॅग्नेट सुटले. पाठोपाठ निघालेली चंद्रकोरीएवढी चावी त्यांनी बशीत जपून ठेवली. ती हरवली तर ठिणगीची वेळ चुकते म्हणाले.

मॅग्नेटच्या पाठीला आमचा मध्यस्थ. रोलर एका बाजूने चपटलेले, एक स्प्रिंग तुटलेली. आता खरा प्रश्न होता तो, रोलर ज्याला पकडतात त्या गिअरच्या गळ्याचा. त्याला चरे पडले असतील तर नवे रोलरही घसरणार, खर्च वाढणार आणि घरातला ‘विकून टाका’ पक्ष बहुमतात येणार. मिस्त्रींनी गळा पुसला, त्यावरून नख फिरवले. मी श्वास रोखून उभा. एवढा श्वास मी मुलीच्या बारावीच्या निकालालाही रोखला नव्हता.

“गुळगुळीत आहे,” मिस्त्री म्हणाले. “नुसते रोलर-स्प्रिंगा टाकू.”

नवा ऐवज बसला. स्क्रू पुन्हा ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना चिकट औषध लावून झाले. गिअर हाताने एका दिशेला फिरतो आणि दुसऱ्या दिशेला अडतो, हे मला दोनदा दाखवून झाले. नवे पॅकिंग, नवे ऑइल, आणि वर एक उपदेश, “बॅटरी मरतुकडी ठेवू नका. कमजोर सेल्फला इंजिन उलटा झटका देतं, तो या रोलरांवर बसतो.”

बटण दाबले. घुर्र संपायच्या आत इंजिन धडधडू लागले. मी मिस्त्रींचे पाय धरणार होतो, पण त्यासाठी वाकावे लागले असते.

आता गाडी ठणठणीत आहे. गुडघ्याचेही सुटे भाग मिळतात म्हणे. डॉक्टरांनी किंमत सांगितली, तेवढ्यात दोन नव्या मोटारसायकली येतील. शिवाय तिथे बशी धरून उभे राहायला मला बोलावणार नाहीत. म्हणून सध्या असे ठरवले आहे, की दोघांपैकी एकाचे बटण चालू असले तरी पुरे.