पगाराची तारीख

सेमिनरीत असताना कामगारांच्या हक्कांवर आम्ही लिहिलेल्या उत्तरपत्रिकेला चांगले गुण मिळाले होते. पोप लिओ तेरावे यांचे १८९१ मधील ‘रेरुम नोवारुम’ आणि पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९८१ मधील ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’ या परिपत्रकांचा आम्हांला केवढा अभिमान! १ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणाला, श्रमप्रतिष्ठेवर आम्ही आवेशाने प्रवचन करीत असू. आमच्याच आवारात चार-पाच माणसे पगारावर राबत आहेत, हे त्या आवेशात कधी ध्यानी आले नाही.

त्यांतील एक वयस्क गृहस्थ. घंटा वाजविणे, वेदीची मांडामांड करणे, मिस्साची वस्त्रे काढून ठेवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. एका नाताळच्या पूर्वसंध्येला मेणबत्त्या कमी पडल्या आणि गायकवृंदासमोर आम्ही त्यांना नको ते बोललो. ते गप्प राहिले. पुढे घंटेचा एक मिनिटही चुकेना. आम्हांला वाटले, बोलण्याचा गुण आला!

जूनमध्ये एका रात्री मोठा पाऊस झाला. सकाळी पाहतो तो माडीवरील खिडक्या सताड उघड्या आणि हार्मोनियम चिंब भिजलेले. खिडक्या लावणे कोणाचे काम? कामांची यादी काढून पाहिली, कोणाचेच नव्हते. इतकी वर्षे पावसाची चाहूल लागताच हे गृहस्थ घरून उठून येत आणि खिडक्या लावून जात. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते, कोणी आभारही मानले नव्हते. जे त्यांनी आपण होऊन दिले होते, ते आता निमूटपणे परत घेतले होते.

अपमान चारचौघांत केला, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागणे प्राप्त होते. शनिवारच्या सरावाला गायकवृंदासमोर ती मागितली. आयुष्यभर इतरांचे पापनिवेदन ऐकणाऱ्याला हे जड गेले, हे कबूल करतो. ते संकोचले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, “फादर, ते जाऊ द्या. पगाराची तारीख तेवढी बघा.”

हिशेब चाळला. धनादेशावर आमची सही राहिल्यामुळे पगार कधी सात तारखेस, तर कधी बारा तारखेस निघत होता. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, अशी लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात आज्ञा आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मालकही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी चुकती करावयास सांगतो. त्या दाखल्यावर बोलताना आम्ही मालकाचे औदार्य वर्णिले. त्या संध्याकाळकडे मात्र आमचे लक्षच गेले नव्हते.

आता महिनाअखेरीस सह्या होतात. एखादे वेळी विसरलोच, तर कारकूनबाई धनादेशाचे पुस्तक आमच्या न्याहारीच्या कपाशेजारी आणून ठेवतात.