छातीवरचा गवा, पायाखालची माती

कोणत्याही संघापाशी दोन गोष्टी असाव्या लागतात. एक, छातीवर मिरवावे असे बोधचिन्ह. आणि दुसरी, हक्काने उभे राहता येईल अशी जागा. चिन्हाचे मोल आम्हा नंदुरबार जिल्ह्यातील माणसांना निराळे सांगावे लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलाने हातातील तिरंगा सोडला नाही आणि छातीवर गोळ्या झेलल्या. त्याचे नाव ऐकतच आमची मुले मोठी होतात. जागेचे मोल मात्र जागा हातची जाऊ लागली म्हणजे कळते. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे गेले काही महिने आमच्या मनात घोळत आहे.

नवापूर तालुक्यातील एका गावी आम्ही अध्यापनाचे काम करतो. येथील मुलांना फुटबॉलचे वेड आहे. २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत, २२ ऑक्टोबरला, मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफ. सी. गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र यांचा आशियाई स्पर्धेतील सामना होता. रोनाल्डो खेळेल या आशेने दहा-बारा डोकी एका मोबाइलभोवती जमली. रोनाल्डो भारतात आलाच नाही. गोव्याचा संघ २-१ असा हरला. पण गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा आमच्या ओसरीवर असा गलका झाला, की शेजारची कोंबडी उडाली. सामना संपल्यावर एकाने विचारले, "सर, यांच्या छातीवर म्हशीचं तोंड कशाला लावलंय?"

ती म्हैस नव्हे, गवा होय, असे आम्ही त्यास सांगितले. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. परंतु तो या सदऱ्यावर कसा आला, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते.

गोव्यातील फुटबॉलचा आरंभ १८८३ पासून मोजतात. विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी शिवोली येथे शिक्षणाचा एक भाग म्हणून हा खेळ मुलांच्या हाती, किंबहुना पायी दिला. पुढे गावोगावच्या चर्चसमोरील मोकळ्या जागांत आणि भात कापून झालेल्या शेतांत तो रुजला. नामांकित क्लब उभे राहिले ते मात्र बहुतांशी उद्योगांच्या आश्रयाने. साळगावकर, धेंपो, सेसा ही नावेच पाहावीत. खाणउद्योगात मोठ्या झालेल्या या घराण्यांनी आणि कंपन्यांनी खेळाडूंना पगार दिला, मान दिला. राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद धेंपोने पाच वेळा आणि साळगावकरने दोनदा गोव्यात आणले. ही कामगिरी लहान नव्हे. तरीही सदऱ्यावर नाव असे ते मालकाचे. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब यांनी राष्ट्रीय आय-लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा प्रेक्षकांना कोणी विचारले नाही. आणि विचारण्याचे कारणही नव्हते.

तत्पूर्वी २०१४ मध्ये एफ. सी. गोवा हा नवा क्लब निघाला. त्याच्या मालकांत आरंभी साळगावकर आणि धेंपो याच घराण्यांतील मंडळी होती, व्हिडिओकॉन उद्योगसमूह होता. परंतु क्लबाला नाव दिले ते राज्याचे, आणि बोधचिन्हात आला तो रानातील गवा. पुढे मालक बदलले, गवा राहिला. बोधचिन्हाचा खरा उपयोग आम्हांस येथे दिसतो. ज्यावर कोणा एकाचे नाव नाही, त्यावर सर्वांना हक्क सांगता येतो. मडगावचा रिक्षावाला आणि पणजीचा वकील दोघेही स्वतःस त्या गव्याच्या कळपातले म्हणवू शकतात.

आता मैदानाकडे वळू. फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये, नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अवघ्या सहा महिन्यांत उभे राहिले, ही गोष्ट गोवेकर आजही अभिमानाने सांगतात. त्याच वर्षी तेथे नेहरू सुवर्णचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीने सोव्हिएत संघाला हरवले. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामनाही झाला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने येथे झाले. हे मैदान क्लबाच्या मालकीचे नाही, ते सरकारी आहे. क्लब तेथे पाहुणा आहे. तरी घर म्हणून गोवेकर त्याचेच नाव घेतात, कारण तेथे त्यांनी सुखदुःख भोगले आहे. २०१५ च्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणांत चेन्नईने २-३ असा घास हिरावून घेतला तो येथेच. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान गोव्याने मिळवला आणि कतारच्या अल रय्यानला गोलशून्य बरोबरीत रोखले, तेही येथेच. परंतु महामारीमुळे त्या दिवशी एकही प्रेक्षक आत नव्हता. छातीवर गवा होता, पायाखाली तेच गवत होते, आणि बाके रिकामी होती. माणसांवाचून मैदान म्हणजे केवळ क्षेत्रफळ.

हे सारे ऐकून आमच्या मुलांनाही बोधचिन्ह हवेसे वाटले. वाद सुरू झाला. एक म्हणाला, तीरकामठा. दुसरा म्हणाला, "नको, लोक म्हणतील मतं मागायला आले." कोणी मोहाचे फूल सुचवले, कोणी बिबट्या. कागदावर कागद रंगले. त्या गडबडीत संघातील सर्वांत लहान मुलगा शांतपणे म्हणाला, "पण खेळायचं कुठं?" सारे गप्प झाले. कारण ज्या गायरानावर ही मुले खेळतात, त्याचा एक कोपरा गतवर्षी एका बांधकामाने घेतला. गोलखांब दहा पावले पुढे आणावे लागले. उरलेल्या जागेवरही कोणाकोणाचा डोळा आहे, असे कानी येते.

त्या रात्री आम्ही मुलांना आणखी एका क्लबाची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी, १८८७ च्या नोव्हेंबरात, कॅल्टन भागातील सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिक क्लब स्थापन झाला. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या गरिबांच्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून ब्रदर वॉल्फ्रिड या मारिस्ट संन्याशाने तो काढला. पहिले मैदान लोकांनी स्वतःच्या श्रमांनी तयार केले. ते नावारूपास आल्यावर जमीनमालकाने वर्षाचे भाडे ५० पौंडांवरून ४५० पौंडांवर नेले. लोक हटले नाहीत. जवळच विटांच्या भट्टीची एक पडीक जागा होती, खड्ड्यांत पाणी साचलेले. गाड्या भरभरून माती आणून त्यांनी ती बुजवली आणि १८९२ मध्ये नवे मैदान उभे केले. आयर्लंडच्या कुळांसाठी लढलेले मायकेल डेव्हिट यांनी त्यात मायभूमीहून आणलेला शॅमरॉकचा गवतगड्डा लावला. त्याच रात्री तो चोरीस गेला. मैदान मात्र आजही तेथेच आहे. आणि बोधचिन्ह? चार पानांचे क्लोव्हर हे क्लबाचे चिन्ह झाले, तरी ते सदऱ्यावर आले १९७७ मध्ये. १९६७ साली लिस्बनमध्ये युरोपचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या अकरा जणांच्या छातीवर कोणतेही चिन्ह नव्हते.

आमच्या जिल्ह्यास ही गोष्ट परकी वाटू नये. शहादा-तळोदा भागात गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून १९७० च्या दशकात अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना उभे केले. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. १९७९ च्या नर्मदा जलविवाद निवाड्यात पुनर्वसित गावांना काय द्यावे याची यादी आहे: दर शंभर कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, दर पन्नास कुटुंबांमागे विहीर, आणि दर पाचशे कुटुंबांमागे मुलांसाठी एक उद्यान. मुलांच्या खेळण्याची जागा ही न्यायाच्या यादीत मोजण्याजोगी वस्तू आहे, हे त्या रूक्ष दस्तऐवजाने मान्य केले. आपण गावातली मोठी माणसे ते मान्य करतो का?

बोधचिन्ह मुले केव्हाही काढतील. त्यास एक रंगपेटी पुरते. मैदान राखणे हे त्यांच्या हातचे नाही, ते आपले काम आहे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा गावांतील ग्रामसभेस आपल्या सामायिक साधनांविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. म्हणून आम्ही काही पालकांसह एक अर्ज तयार केला: गायरानाची उरलेली जागा मोजून घ्यावी, खेळाचे मैदान म्हणून तिची नोंद व्हावी, आणि तसा ठराव ग्रामसभेने करावा. अर्जावर सह्या आणि अंगठे मिळून ११७ झाले आहेत. काहींनी सही देण्याचे टाळले. त्यांच्या अडचणी आम्ही जाणतो आणि त्यांच्या दारी पुन्हा जाणार आहोत.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण आपापल्या गावी शाळा, वसतिगृहे आणि धर्मग्रामांचा कारभार पाहतात. त्यांना एवढीच विनंती, की आपली मुले ज्या जागेवर खेळतात ती कागदोपत्री कोणाची आहे, हे एकदा पाहावे. येत्या ग्रामसभेत आमचा अर्ज वाचला जाईल. मुलांनी तोवर सदरे कोरेच ठेवायचे ठरवले आहे.